जंगलातली मोजणी आणि मुलांची स्पीच थेरपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल उशिरा बोलतंय, अस्पष्ट बोलतंय किंवा अडखळतंय म्हणून स्पीच थेरपी सुरू केलेल्या पालकांसाठी हे पान आहे. नव्यानं काम सुरू केलेल्या थेरपिस्टांनाही त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल. दोन-तीन उत्तरं तर खास त्यांच्यासाठीच आहेत. इकॉलॉजी, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांचं शास्त्र, जंगलात मोजणी कशी करतं आणि त्यातलं काय मुलाचं बोलणं मोजताना कामी येतं, ते इथे सांगितलं आहे.

स्पीच थेरपीत इकॉलॉजी कुठून आली?

इकॉलॉजीवाले ज्यांची मोजदाद करतात ते जीव बोलावल्यावर समोर येऊन उभे राहत नाहीत. वाघ असतो पण दिसत नाही. बेडूक तळ्यात असतो, पण पाऊस पडेपर्यंत तोंड उघडत नाही. त्यामुळे 'दिसलं नाही' आणि 'नाहीच' यांत फरक कसा करायचा, कुठे बसून आणि किती वेळा मोजायचं, आपल्या उपायामुळेच बदल झाला हे कशावरून म्हणायचं, या प्रश्नांवर त्या शास्त्रानं खूप डोकं खपवलं आहे. मुलाचं बोलणं मोजतानाही नेमक्या ह्याच अडचणी येतात.

मुलांना त्यांच्या रोजच्या जागी बघितलंच जात नाही, ही कुरबुर बालमानसशास्त्रात जुनी आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका छोट्या गावात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ एप्रिल १९४९ रोजी सात वर्षांच्या एका मुलाचा अख्खा दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, आळीपाळीनं शेजारी राहून टिपून काढला. पुढे १९७७ मध्ये युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी आपल्याच क्षेत्राला चिमटा काढला होता : अनोळखी जागी, अनोळखी मोठ्या माणसासमोर, कमीत कमी वेळात मुलं कशी विचित्र वागतात, याचं शास्त्र आपण करून बसलो आहोत. अर्ध्या तासाच्या क्लिनिक-भेटीत मुलाची 'भाषा-चाचणी' झालेल्या कुठल्याही आईला हे वाक्य लगेच पटेल.

म्हणजे 'इकॉलॉजी थेरपी' नावाचा नवा उपचार आहे का?

नाही. कुणी त्या नावानं पॅकेज विकत असेल तर लांबूनच नमस्कार करा.

भाषा म्हणजे रोपटं, घर म्हणजे बाग, पालक म्हणजे माळी, हेच ना सगळं?

हे ऐकायला छान वाटतं, पण पालकांच्या हाती त्यातून काही पडत नाही. उलट, मूल बोललं नाही की 'माळी कमी पडला' हा ठपका आईवर बसतो. टिकून राहणारा भाषाविकार बऱ्याच मुलांत जन्मजात जडणघडणीतून येतो. आई कमी बोलली म्हणून तो होत नाही. रूपकातून पुरावा निघत नाही.

शिवाय इकॉलॉजीवालेही आपल्या रूपकांत फसलेले आहेत. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये मांडलं, की एखाद्या प्रदेशातला वनस्पतिसमूह एखाद्या सजीवासारखा ठरावीक पायऱ्या चढत ठरलेल्या शेवटच्या अवस्थेला पोचतो. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, हेन्री ग्लीसन म्हणाले की तसं काही नाही. प्रत्येक प्रजाती आपापल्या कुवतीनं आणि योगायोगानं येते, टिकते किंवा जाते. ग्लीसन यांच्याकडे कितीतरी वर्षं कुणी लक्ष दिलं नाही, कारण पायऱ्यांचं चित्र मनाला फार पटत होतं. 'अमुक महिन्याला अमुक शब्द' हे तक्ते बघताना हा वाद आठवावा. तक्ता चाळणीसाठी ठीक आहे. पण प्रत्येक मूल त्याच जिन्यानं वर जातं असं समजून उपचार आखू नयेत.

आमचा मुलगा क्लिनिकमध्ये तोंडच उघडत नाही आणि घरी बडबडतो. रिपोर्टमध्ये मात्र 'फक्त आठ शब्द' असं लिहून आलंय. कुणाचं खरं?

बहुधा दोघांचंही थोडं थोडं.

२००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मेरीलँडमधल्या पाणथळ जागांवरच्या बेडकांची नोंद घेऊन एक पद्धत मांडली. एकाच तळ्यावर पुन्हा पुन्हा जायचं, दर वेळी बेडूक ऐकू आला की नाही ते लिहायचं, आणि त्यावरून 'असूनही न सापडण्याची' शक्यता किती ते काढायचं. ती काढल्याशिवाय 'या तळ्यात बेडूक नाही' असं लिहायचं नाही.

हेच गणित शब्दांना लावून बघा. समजा, मुलाला येणारा एखादा शब्द कुठल्याही दहा मिनिटांत आपल्या कानावर पडण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठकींत तो एकदाही न ऐकू येण्याची शक्यता ३४ टक्के उरते. ती ५ टक्क्यांखाली आणायची तर नऊ बैठकी लागतात. आणि हे ३० टक्के घरातले. अनोळखी टेबलासमोर, पांढऱ्या कोटातल्या माणसापुढे, ते कितीवर येतील तुम्हीच सांगा. म्हणून 'फक्त आठ शब्द' याचा खरा अर्थ 'त्या दिवशी, त्या खोलीत, आठ ऐकले' इतकाच. रिपोर्टमध्ये तसंच लिहावं, असा आग्रह धरायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू. पक्षीनिरीक्षक जसा लांबून घार बघून गरुड लिहून येतो, तसे पालकही ऐकतात. मूल 'पा' म्हणालं, की बाबाला 'पाणी' ऐकू येतं, आजीला 'पापा' आणि आत्याला 'पाहिजे'. त्यामुळे घरची यादी आणि क्लिनिकची यादी शेजारी ठेवायची, आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या वेळी, एकाच अर्थानं ऐकलेला शब्द पक्का धरायचा.

मग घरी काय टिपायचं, आणि कसं?

सगळ्यांत आधी वेळ ठरवून टाका. इकॉलॉजीत निरीक्षणाची वाट आधीच आखलेली असते, ती अशासाठी की माणूस नाहीतर जिथे प्राणी दिसतात तिथेच जाऊन मोजतो. पालकही मूल छान बोलायला लागलं की मोबाईल काढतात. आठवड्याभरानंतर थेरपिस्टकडे सगळे सोन्यासारखे क्षण जमा होतात आणि रोजचं बोलणं राहूनच जातं. म्हणून सोमवारी नाश्त्याला, बुधवारी संध्याकाळी खाली खेळताना, रविवारी स्वयंपाकघरात, प्रत्येकी दहा मिनिटं, असं आधी लिहून ठेवायचं. त्या दहा मिनिटांत मूल गप्प बसलं, तर ते गप्प बसणंही नोंदवायचं.

अशा एका रविवारी काय मिळू शकतं, त्याचा हा नमुना. आजी आणि तीन वर्षांची नात मटार सोलतायत :

आजी : अगंबाई, केवढा मोठा हा!
नात : मोठा. … ह्यात नाय.
आजी : नाही? बघू.
नात : एक… दोन… हा फुटला. आजी, फुटला!

चार ओळी आहेत, पण बघा काय काय आहे. 'ह्यात' मध्ये विभक्तीचा प्रत्यय आलाय. 'नाय' मध्ये नकार आहे, तोही 'मला नको' असा नसून 'इथे काही नाही' असा. 'फुटला' मध्ये भूतकाळ आहे, आणि दाण्याशी लिंगही जुळलंय. शेवटी तिनं आजीला हाक मारून स्वतःला दिसलेली गोष्ट दाखवली. कुणी विचारलं नव्हतं. हीच मुलगी क्लिनिकमध्ये कार्ड बघून 'हे काय?' ला 'मटार' म्हणाली असती आणि आपण एक नाम लिहून घेतलं असतं.

आजीनं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. तिनं परीक्षा घेतली नाही. आश्चर्य व्यक्त केलं, आणि थांबली. आपल्याकडे मुलांशी बोलणं म्हणजे 'हा कोण? तो कोण? काऊ कसा करतो? दाखव बरं काकांना' असा प्रश्नांचा मारा असतो. तो निम्म्यावर आणला आणि प्रत्येक वाक्यानंतर मनात पाच आकडे मोजून वाट पाहिली, तरी नोंदवहीत फरक दिसू लागतो.

रेकॉर्डिंग थेरपिस्टला द्या, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

मुलाला एकूण किती शब्द येतात, ते मोजता येतं का?

अंदाज करता येतो, आणि त्या अंदाजाची गोष्ट मोठी मजेदार आहे. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर कॉर्बेट मलायात गोळा केलेली फुलपाखरांची आकडेवारी घेऊन रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाकडे गेले. ११८ प्रजाती त्यांना एकदाच सापडल्या होत्या, ७४ दोनदा, ४४ तीनदा. प्रश्न असा, की आणखी तेवढाच काळ जाळं घेऊन फिरलो तर नव्या किती सापडतील? एकेकदाच सापडलेल्यांची संख्या जितकी मोठी, तितकं न सापडलेलं जास्त, हे त्या उत्तरामागचं सूत्र. १९७६ मध्ये ब्रॅडली एफ्रॉन आणि रोनाल्ड थिस्टेड यांनी तेच गणित शेक्सपिअरला लावलं. त्याच्या उपलब्ध लिखाणात ८,८४,६४७ शब्द आहेत, त्यांतले वेगवेगळे ३१,५३४, आणि त्यांपैकी १४,३७६ एकदाच आलेले. निष्कर्ष निघाला, की न वापरलेले निदान ३५,००० शब्द तरी त्याला माहीत असावेत.

तीन वर्षांच्या मुलासाठी एवढा खटाटोप नको, पण सूत्र कामाचं आहे. नोंदवहीत बरेच शब्द एकेकदाच आलेले दिसत असतील, तर झोळी अजून भरायची आहे, आणखी ऐका. तेच तेच शब्द फिरून फिरून येत असतील आणि नवं काही येत नसेल, तर तुमची यादी पूर्ण व्हायला आली आहे.

*थेरपिस्टांसाठी पुरवणी :* एकूण शब्दांत वेगवेगळे किती, हे गुणोत्तर सरसकट वापरू नका. ५० शब्दांत ३० वेगवेगळे असतील तर ०.६० येतं, तेच मूल पुढच्या खेपेला २०० शब्द बोललं आणि त्यांत ८० वेगवेगळे असले तर ०.४०. मूल जास्त बोललं, जास्त शब्द वापरले, आणि आकडा मात्र घसरला. इकॉलॉजीत लहान-मोठे नमुने आधी सारख्या आकाराला आणून मगच तुलना करतात. आपणही पहिले १०० शब्द, नाहीतर पहिली ५० वाक्यं, अशी मर्यादा घालून घ्यावी. स्कॉट जार्व्हिस यांनी २०१३ मध्ये शब्दवैविध्याची मांडणी उघडपणे इकॉलॉजीच्या जैवविविधतेवरून केली. वैविध्य म्हणजे फक्त 'किती वेगळे' एवढंच नसतं. ते किती समप्रमाणात वाटलेले आहेत, किती दुर्मिळ आहेत, हेही पाहावं लागतं. मराठीत एक निर्णय आधीच घ्यावा लागतो : घर, घरी, घरात, घराला हे एक धरायचे की चार? दोन्हीला कारणं आहेत. जे ठरवाल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मध्येच बदलू नका.

घरी मराठी, शाळेत इंग्रजी. डॉक्टर म्हणाले, एकच भाषा ठेवा. ठेवावी का?

नाही. दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही, आणि असलेला वाढतही नाही, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरची भाषा बंद केली तर मुलाचं आजी-आजोबांशी बोलणं मात्र नक्की तुटतं. पुण्यात काय आणि न्यू जर्सीत काय, हा सल्ला मराठी घरांना सर्रास दिला जातो आणि तो तितकाच चुकीचा आहे.

मोजताना दोन्ही भाषांत मोजा. फक्त शाळेतली भाषा तपासून 'शब्द कमी' म्हणणं म्हणजे पक्ष्यांची गणना तळ्याकाठी करायची आणि माळरानावर जायचंच नाही, असं झालं. 'चमचा' मराठीत येतो, 'युनिकॉर्न' इंग्रजीत. दोन्ही मुलाच्या खात्यावर जमा.

घरातल्या आवाजानं खरंच फरक पडतो?

पडतो, आणि याकडे आपलं फार दुर्लक्ष आहे.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लॅबेकोर्न आणि मार्ग्रीट पीट यांना २००३ मध्ये दिसलं, की ग्रेट टिट नावाचे चिमणीएवढे पक्षी गोंगाटाच्या वस्तीत अधिक वरच्या पट्टीत गातात. वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते. तिथलं गाणं तिच्याखाली दडपून जातं. त्यानंतर एखाद्या जागेच्या आवाजांचा नकाशा काढणं ही इकॉलॉजीची स्वतंत्र शाखाच होऊन बसली.

आता संध्याकाळी सात वाजता आपल्या घरात उभं राहून कान द्या. टीव्हीवर मालिका, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी आणि मध्येच मिक्सर, डोक्यावर पंखा, खिडकीतून रिक्षांचे हॉर्न. मोठ्यांचं यात अडत नाही, कारण निम्मंच ऐकू आलं तरी उरलेलं आपण भाषेच्या ओळखीवर भरून काढतो. ज्याला भाषाच शिकायची आहे, त्याच्याकडे भरायला काही नसतं. लहान मुलांना गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला मोठ्यांपेक्षा बराच जास्त स्पष्ट आवाज लागतो. त्यातही मराठीत अर्थ ठरवणाऱ्या कितीतरी गोष्टी वाक्याच्या शेवटी, हळू आवाजात येतात : 'खाल्लं', 'खाल्ली', 'खाल्ला'. मिक्सर चालू असताना पहिली जाते ती हीच शेपटी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज शिकवताना ३५ डेसिबलच्या वर नसावा, असं म्हटलंय. शिक्षकांचा आवाज त्याच्या १५ डेसिबल वर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. रस्त्याकडेच्या शाळेत, खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात हे आकडे म्हणजे चेष्टाच वाटेल. तरी मुलाला खिडकीपासून लांब आणि बाईंच्या जवळ बसवणं कुणालाही जमतं, पैसे लागत नाहीत. घरी दिवसातून एक वेळ, जेवणाची म्हणा, टीव्ही पूर्ण बंद. बंद म्हणजे बंद. आवाज कमी करून चालू ठेवणं नाही. टीव्हीमुळे भाषाविकार होतो, असा याचा अर्थ काढू नका.

मुलाच्या कानावर दिवसाला किती शब्द पडायला हवेत?

आकड्याच्या मागे लागू नका. बेट्टी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी १९९५ मध्ये कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांवरून काढलेला '३ कोटी शब्दांचा फरक' जगभर गाजला : गरीब घरातल्या मुलांच्या कानावर चार वर्षांत तेवढे शब्द कमी पडतात म्हणे. २०१९ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्त्यांत मोजणी केली. आईखेरीज घरातली इतर माणसं मुलाशी काय बोलतात आणि मुलाच्या आसपास काय बोललं जातं, हेही त्यांनी धरलं. चित्र बदललं, एकाच आर्थिक थरातल्या वस्त्यांमध्येही मोठी तफावत निघाली. जाळ्याची भोकं केवढी ठेवलीत, त्यावर कोणते मासे मिळणार ते ठरतं. जिथे आजोबा, आत्या, शेजारच्या काकू आणि चार चुलत भावंडं दिवसभर अवतीभोवती असतात, तिथे फक्त आईचं बोलणं मोजून काय कळणार?

सहा महिने थेरपी झाली, सुधारणा आहे. पण ती थेरपीनं झाली की वयानं?

हा प्रश्न विचारल्यावर काही थेरपिस्टांना राग येतो. यायला नको.

नदीवर कारखाना आला, मासे कमी झाले. कारखान्यामुळेच झाले का? त्या वर्षी पाऊसही कमी होता. म्हणून इकॉलॉजीत 'आधी' आणि 'नंतर' तर मोजतातच, शिवाय तशीच पण कारखाना नसलेली दुसरी नदीही मोजतात. न्यूझीलंडमध्ये तोतरेपणावरच्या लिडकम उपचारपद्धतीचा अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत जाण्याआधीच्या वयाची ५४ मुलं होती. नऊ महिन्यांनी उपचार मिळालेल्या मुलांचं अडखळणं ७७ टक्क्यांनी कमी झालं. आणि तो उपचार न मिळालेल्यांचं? ४३ टक्क्यांनी. तुलनेचा गट नसता तर सगळं श्रेय उपचाराच्या खात्यावर गेलं असतं. उपचाराचा फायदा खराच होता, पण त्याचं माप त्या दुसऱ्या आकड्यामुळे कळलं.

एकाच मुलात तुलना कशी करणार? आवाजांची करायची. समजा, चार वर्षांचं मूल 'कावळा'ला 'तावला' म्हणतं, 'गाडी'ला 'दादी', 'साबण'ला 'ताबण'. थेरपीत फक्त 'क' घ्या. पण दर महिन्याला चार गोष्टी तपासा : शिकवलेले 'क'चे शब्द, न शिकवलेले 'क'चे शब्द, 'ग', आणि 'स'. 'क'बरोबर 'ग' आपोआप सुधारला तर उत्तम. दोन्ही आवाज जिभेच्या मागच्या भागानं, एकाच जागी होतात. 'स' मात्र वेगळ्या जातीचा आहे. 'क' वर गेला आणि 'स' जागच्या जागी राहिला, तर श्रेय थेरपीचं. दोन्ही बरोबरीनं चढले, तर वयाचा वाटा मोठा असावा.

तुलनेसाठी 'र' किंवा 'ळ' निवडू नका. ते तसेही उशिरा येतात. ते हलणार नाहीत आणि थेरपी उगाचच यशस्वी दिसेल.

क्लिनिकमध्ये २० पैकी १८ बरोबर येतात. घरी मात्र पुन्हा 'तावला'. असं का?

कारण ते २० प्रयोग नव्हते, एकच होता.

१९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी इकॉलॉजीतले १७६ प्रयोग तपासले, आणि २७ टक्क्यांत एकच गफलत सापडली. एका तळ्यात खत टाकायचं, दुसऱ्यात नाही, आणि प्रत्येकातून ५० बाटल्या पाणी भरून '५० नमुने' म्हणायचे. नमुने ५० नसतात. तळी दोनच असतात. तीच दहा कार्डं, तेच टेबल, त्याच ताई, आणि प्रत्येक कार्ड दोनदा : यातून एवढंच सिद्ध होतं, की त्या ताईंसमोर त्या टेबलावर मुलाला ती कार्डं म्हणता येतात. 'क' आला का, हे बघायचं तर न शिकवलेले शब्द, दुसरं माणूस आणि दुसरी जागा हवी. जिन्यात लिफ्टची वाट बघताना वॉचमनकाकांना मूल 'काका' म्हणालं, तर ती एक नोंद क्लिनिकमधल्या दहा कार्डांना भारी आहे.

एकच आवाज असा निवडता येईल का, ज्यामुळे बाकीचे आपोआप सुधारतील?

हे थेरपिस्टांचं जुनं स्वप्न आहे. रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून वॉशिंग्टन राज्यातल्या मकॉ खाडीच्या खडकांवरून एक तारामासा उचलून उचलून समुद्रात लांब फेकायला सुरुवात केली. तो शिंपल्यांवर जगत असे. तो गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि खडकावरच्या १५ प्रजातींच्या ८ झाल्या. संख्येनं थोड्या पण साऱ्या व्यवस्थेला धरून ठेवणाऱ्या अशा प्रजातीला पेन यांनी १९६९ मध्ये कमानीच्या मधल्या दगडाचं नाव दिलं.

बोलण्यात असा मधला दगड आहे का? इंडियाना विद्यापीठातल्या ज्युडिथ गिरुट यांचं म्हणणं, की अवघड, उशिरा येणारे आवाज आणि जोडाक्षरं आधी घेतली तर न शिकवलेल्या आवाजांतही सुधारणा पसरते. उलट २००१ मध्ये सुझन रॅव्हॅच आणि मिशेल नोवाक यांना सोप्या आवाजांपासून सुरू केलेली मुलं जास्त पुढे गेलेली दिसली. वाद मिटलेला नाही. हे अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचे आहेत, आणि मराठीतले आवाज आणि जोडाक्षरं वेगळी. तिथला नियम उचलून 'स्त्र'पासून सुरुवात करणं मला धाडसाचं वाटतं. तारामासा महत्त्वाचा आहे हे पेन यांना खडकाकडे बघून कळलं नव्हतं; वर्षानुवर्षं काढून, शेजारचा खडक तसाच ठेवून, मोजल्यावर कळलं. थेरपिस्टनं निवडलेला आवाज खरोखरच बाकीच्यांना ओढतो का, हे न शिकवलेले आवाज तपासल्याशिवाय सांगताच येणार नाही.

मग क्लिनिक सोडून सगळं घरीच करावं का?

नाही. पालकांना शिकवून केलेल्या भाषा-उपचारांना चांगला आधार आहे. मेगन रॉबर्ट्स आणि अ‍ॅन कायझर यांनी २०११ मध्ये असे १८ अभ्यास एकत्र तपासले आणि मुलांच्या भाषेला फायदा झालेला दिसला. पण यांत पालकांना शिकवणारी, बघणारी, दुरुस्त करणारी प्रशिक्षित व्यक्ती असते. लिडकम पद्धतीतही पालक रोज घरी अडखळण्याला गुण देतात, आणि ठरावीक भेटींत थेरपिस्टशी ते ताडून बघतात. उच्चारांच्या हालचालींचं नियोजनच ज्यांना जमत नाही, अशा मुलांना तर वारंवार, नेमका, समोर बसून सराव लागतो. तिथे मटार सोलून भागत नाही.

आम्ही थोडं थांबून पाहू का? आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले.

पहिल्या वाढदिवसापर्यंत बाबाबा-दादादा नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा कुठल्याही वयात येत असलेलं बोलणं गेलं : यांतलं काहीही असेल तर थांबू नका. जिभेला मध आणि वेखंड लावत बसण्यातही वेळ घालवू नका. आधी कानांची तपासणी, ओएई किंवा बेरा (मुलानं उत्तर न देताही यंत्रावर होणाऱ्या श्रवणचाचण्या). हाक मारल्यावर मूल वळतं म्हणून कान चांगलेच आहेत, असं नसतं.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून तपासणी होते, त्यात भाषाविकासातला विलंबही येतो. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगीत जाणार असाल तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारून घ्या. विचारण्यात संकोच कसला?

थेरपिस्ट आहे. दिवसाला रांग लागलेली असते. एवढं मोजायला वेळ कुठून आणू?

सगळं करू नका. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवायला तासभर जातोच, त्यामुळे ते तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर महिन्याला करायचं ते म्हणजे न शिकवलेल्या दहा शब्दांची तपासणी आणि तुलनेसाठी धरलेल्या एका आवाजाची. पाच मिनिटांत होते. बाकीचं पालकांच्या वहीवर सोपवा. पानावर चार रकाने : तारीख, जागा, समोर कोण होतं, आणि मूल जसं म्हणालं तसंच. 'तावला' म्हणालं असेल तर 'तावला' लिहायचं. पालक हमखास 'कावळा' असं दुरुस्त करून लिहितात, म्हणून हे पहिल्याच भेटीत समोर बसवून एकदा लिहून घ्या.